पराभूताची बाजू

नाटक पाहून आल्यावर त्याचे गुणदोष सांगावे, कादंबरी वाचून तिची घडण तपासावी, हा या पृष्ठांचा नित्याचा व्यवसाय आहे. खेळाच्या स्पर्धांविषयी मात्र कोण जिंकले एवढे विचारून आपण मोकळे होतो. वास्तविक स्पर्धा ही देखील माणसाने रचलेली एक कृतीच होय. तिला आरंभ, मध्य व शेवट आहे. तिच्यात पात्रांचा प्रवेश आणि त्यांचे निर्गमन ठरविणारे नियम आहेत. खेळाडू स्वतःच्या बळावर खेळतो हे खरे. परंतु त्याने किती वेळा प्रेक्षकांसमोर यावे आणि कोणत्या क्षणी पडद्याआड जावे, हे तो ठरवीत नाही, स्पर्धेची रचना ठरविते. तेव्हा त्या रचनेकडे टीकाकाराच्या दृष्टीने पाहण्यास हरकत नसावी.

ज्या स्पर्धेत जिंकणारा पुढच्या फेरीत जातो आणि हरणारा तेथेच संपतो, तिला आपण बाद पद्धतीची स्पर्धा म्हणतो. हिचा हिशेब शाळेतील मुलासही करता येईल. बत्तीस स्पर्धक असले तर एकतीस लढती होणार, आणि त्या लढतींतून एकतीस जण हार पत्करून घरी जाणार. एखाद्या नाटकातील बत्तीस पात्रांपैकी एकतीस पात्रे जर पराभूत होऊनच रंगभूमी सोडीत असतील, तर त्या नाटकाची परीक्षा शेवटी उरलेल्या एका पात्रावरून करावी, की गेलेल्या एकतिसांच्या जाण्यावरून? आमचे उत्तर दुसरे आहे. स्पर्धा विजेत्याला काय देते हे सर्वांस दिसते; पराभूताला ती कसे वागविते यावरून तिची खरी योग्यता कळते, असे आमचे मत आहे, आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

या कामी २०२२ सालचा एप्रिल महिना मोठा सोयीचा आहे. त्या महिन्याच्या ५ पासून ९ तारखेपर्यंत साताऱ्याच्या छत्रपती शाहू क्रीडा संकुलात महाराष्ट्र केसरी किताबाच्या कुस्त्या चालल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात, ६ तारखेच्या रात्री, लंडन शहरात युरोपातील अव्वल फुटबॉल संघांच्या चषकस्पर्धेतील उपांत्यपूर्व फेरीचा एक सामना झाला. एक स्पर्धा आमच्या उंबरठ्यावरची, दुसरी सातासमुद्रापलीकडची. साताऱ्यास काय आणि सांगलीस काय, अशी घरे आज पुष्कळ आहेत की जेथे आजोबा सकाळी वर्तमानपत्रातील कुस्तीची हकीगत चष्मा पुसून वाचतात, आणि नातू फुटबॉलपायी रात्र जागविल्यामुळे त्या वेळी अंथरुणातच असतो. आजोबांस नातवाचे वेड कळत नाही आणि नातवास आजोबांचे. आम्ही या दोघांमध्ये बसून दोन्ही स्पर्धा एका मापाने मोजून पाहणार आहोत.

प्रथम साताऱ्याकडे वळू. महाराष्ट्र केसरीची रचना अशी आहे की, माती आणि गादी असे दोन विभाग असतात; प्रत्येक विभागातून एक एक मल्ल वर येतो; आणि मग त्या दोघांची अखेरची कुस्ती होऊन विजेत्याच्या खांद्यावर चांदीची गदा चढते. कुस्ती सहा मिनिटांची, तीन-तीन मिनिटांच्या दोन भागांत. पाठ लागली तर निकाल तेथेच. न लागली तर गुणांवर. ९ एप्रिलच्या त्या अखेरच्या कुस्तीत कोल्हापूरचे पृथ्वीराज पाटील यांनी मुंबईकडून उतरलेले विशाल बनकर यांस पाच विरुद्ध चार गुणांनी हरविले, आणि वीस वर्षांहून अधिक काळाने गदा कोल्हापूर जिल्ह्यात गेली. कोल्हापूरकरांचा आनंद रास्तच होता. परंतु एका गुणाचे अंतर म्हणजे किती, याचाही विचार करावा. प्रतिस्पर्ध्याचे पाऊल आखलेल्या वर्तुळाबाहेर पडले, तर जो मिळतो तो एक गुण. त्या एका पावलाच्या अलीकडे मिरवणूक आहे आणि पलीकडे पुढच्या वर्षाची वाट. उपविजेत्यास ‘उपमहाराष्ट्र केसरी’ म्हणण्याची चाल आहे खरी. पण मागील दहा वर्षांतील केसरी धडाधड सांगणाऱ्या शौकिनास त्यांचे उप विचारावे, म्हणजे तो कसा अडखळतो ते दिसेल.

आता युरोपाकडे पाहू. ही स्पर्धा १९५५-५६ साली सुरू झाली. तिच्या स्वरूपात पुढे पुष्कळ फेरफार झाले; प्रारंभी साखळी सामने आले, संघांची संख्या वाढली. परंतु बाद फेऱ्यांतील एक गोष्ट बहुतेक कायम राहिली : दोन संघांची गाठ एकदा नव्हे, दोनदा पडते. एक सामना एकाच्या गावी, दुसरा दुसऱ्याच्या गावी. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून निकाल. केवळ अंतिम सामना तेवढा एकच. २०२१-२२ च्या हंगामात या स्पर्धेचा चषक माद्रिद शहराच्या रेआल माद्रिद संघाने जिंकला. त्या संघाचा त्या वर्षीचा प्रवास बारकाईने पाहिला असता मोठी नवलाची गोष्ट आढळते.

साखळीतच तिरास्पोल या गावच्या शेरिफ नावाच्या संघाने या माद्रिदकरांना त्यांच्याच मैदानावर दोन विरुद्ध एक गोलांनी हरविले. बाद फेऱ्या सुरू झाल्यावर पॅरिसच्या संघाने पहिला सामना एका गोलाने घेतला. दुसऱ्या सामन्यात माद्रिद आणखी एका गोलाने मागे असता बेन्झेमा या खेळाडूने उत्तरार्धात लागोपाठ तीन गोल करून बाजू उलटविली. पुढे चेल्सी. लंडनला ६ एप्रिलच्या रात्री माद्रिदने तीन विरुद्ध एक असा विजय मिळविला. परंतु १२ तारखेस घरच्या मैदानावर जादा वेळ धरून तीन विरुद्ध दोन अशी हार खाल्ली, आणि बेरजेने कसाबसा टिकाव धरला. त्यापुढे मँचेस्टर सिटी. तेथे पहिल्या सामन्यात चार विरुद्ध तीन अशी हार. आणि ४ मे रोजी दुसऱ्या सामन्याची एकोणनव्वद मिनिटे उलटली तेव्हा बेरजेत दोन गोलांची तूट. तेवढ्यात रोड्रिगो या पोरसवदा खेळाडूने दीड-दोन मिनिटांत दोन गोल केले, आणि जादा वेळात बेन्झेमाने तिसरा. अखेर २८ मे रोजी पॅरिसनजीक सँ-दनी येथे लिव्हरपूलचा एका गोलाने पराभव करून माद्रिदने चषक उचलला.

हिशेब केला तर एकूण तेरा सामने आणि त्यांत चार पराभव. बाद फेऱ्यांत ज्या तीन संघांशी दोन-दोन सामने झाले, त्या तिघांपैकी प्रत्येकाकडून हा अजिंक्य संघ एकदा हरला! पॅरिसचा पहिलाच सामना निर्णायक धरला असता, तर फेब्रुवारीच्या मध्यावर त्याची कथा संपली असती. आणि एक गमतीचा योग पाहा : चेल्सीशी झालेल्या दोन सामन्यांच्या गोलांची बेरीज पाच विरुद्ध चार, म्हणजे साताऱ्याच्या अखेरच्या कुस्तीतील गुणांचेच आकडे. तीच दोन संख्या. पण एक सहा मिनिटांत ठरलेली, आणि दुसरी दोन शहरांत, सहा दिवसांच्या अंतराने, साडेतीन तासांच्या खेळात.

येथे कोणी म्हणेल की, हे तर पक्षपाताचे माप झाले. एकाच लढतीत जो टिकेल तो खरा. दुसरी संधी म्हणजे लाड. शिवाय युरोपात दोन सामने ठेवतात ते काही करुणेपोटी नव्हे. दोन गावी दोनदा तिकिटे खपतात म्हणून. या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. युरोपातील फुटबॉलमागे पैशाचे केवढे राजकारण आहे हे जगजाहीर आहे, आणि एकाच लढतीत जी धार असते ती दोन लढतींत पातळ होते, हेही खरे. खुद्द युरोपवाल्यांनीही अंतिम सामना एकच ठेवला आहे, तो याच धारेसाठी. तथापि एखादी गोष्ट धनलोभाने सुरू झाली, म्हणून तिच्यातील न्याय नाहीसा होत नाही. दोन सामन्यांच्या पद्धतीने एवढे निश्चित साधते की, एक वाईट रात्र, एक निसटता क्षण किंवा पंचाची एक चूक एवढ्यावर वर्षाचा निकाल लागत नाही. उलट, हरल्यावर माणूस काय करतो हे प्रेक्षकांस पाहावयास मिळते. आणि आमच्या मते मनुष्यस्वभावाचे सर्वांत उद्बोधक दर्शन तेथेच घडते.

आमच्या आजोबांस हे पटविण्यास युरोपात जाण्याचीही गरज नाही. सातारा-सांगलीकडचा कुस्त्यांचा जुना फड बाद पद्धतीचा कधीच नव्हता. कुंडलच्या मैदानासारख्या मोठ्या फडापासून गावच्या जत्रेपर्यंत चाल एकच : तोलामोलाची जोड लावावयाची, इनाम बोलावयाचे आणि हलगीच्या तालावर कुस्ती सोडावयाची. चितपट झाली तर निकाल. घटका गेली आणि पाठ लागली नाही, तर पंच मध्ये पडून दोघांचे हात वर करणार आणि कुस्ती बरोबरीत सोडविणार. हरलेला मल्ल अंगाची माती झाडून निघाला तरी तो स्पर्धेतून बाद होत नसे, कारण बाद होण्याजोगी स्पर्धाच नसे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावची जत्रा असे, आणि तेथे त्याच जोडीची पुन्हा गाठ पाहण्यास लोक बैलगाड्या जुंपून जात. ‘पडलो तरी नाक वर’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. परंतु त्या फडात नाक वर ठेवण्यास खरोखरच जागा होती. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ साली सुरू झाली, तिने कुस्तीला वजनाची शिस्त, घड्याळ व नियम दिले. हा तिचा उपकार मोठा आहे. परंतु या देण्याबरोबर एक घेणेही झाले, आणि त्याकडे आपले लक्ष गेले नाही.

आता सातारा जिल्ह्यातील ज्या नावापुढे सर्वच मस्तक नमवितात ते घेऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. आणि १९५२ साली हेलसिंकी येथे बँटम वजनात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही कथा आपल्याकडे पोरासोरांच्याही तोंडी आहे. जी गोष्ट क्वचित सांगितली जाते ती अशी की, हेलसिंकीस खाशाबा दोन कुस्त्या हरले होते. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांस हरवून ते पुढे गेले. मग जपानच्या इशीने त्यांस हरविले, आणि लगोलग सोव्हिएत संघाच्या ममेदबेकोव्हनेही. दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाने मिळावयाची विश्रांती त्यांस मिळाली नाही, आणि ती भांडून घेण्यास जवळ जाणता अधिकारी नव्हता, अशी हकीगत प्रसिद्ध आहे.

तरीही पदक मिळाले ते का? त्यांच्या पराक्रमामुळे, हे तर उघडच आहे. परंतु त्या पराक्रमाचे माप घेणारी रचना तेथे होती, म्हणूनही. त्या काळच्या ऑलिंपिक कुस्तीत एका पराभवाने कोणी बाद होत नसे. प्रत्येक लढतीच्या निकालाप्रमाणे दोषगुण मांडले जात, आणि ते ठराविक संख्येपर्यंत साचले म्हणजे मग मल्ल बाहेर पडे. हरलेल्या माणसाने आधी काय कमावले होते याची ती रचना आठवण ठेवीत असे.

पुढे नियम बदलले, पण आठवण ठेवण्याचे तत्त्व टिकले. आजच्या ऑलिंपिक कुस्तीत अंतिम फेरी गाठणाऱ्या मल्लाकडून जे हरले असतील, त्यांस कांस्यपदकासाठी पुन्हा उतरता येते. २००८ साली बीजिंगला सुशील कुमार पहिलीच कुस्ती हरले आणि या वाटेने परतून कांस्य घेऊन आले. २०१२ साली लंडनला योगेश्वर दत्त यांचे तसेच झाले. २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिक उपांत्यपूर्व फेरीत हरल्या, परत आल्या, आणि पदकाच्या कुस्तीत पाच गुणांनी मागे असता आठ विरुद्ध पाच अशा जिंकल्या. १९५२ पासून २०२४ पर्यंत भारताने ऑलिंपिक कुस्तीत आठ पदके मिळविली : दोन रौप्य, सहा कांस्य. आठही पदके अशा मल्लांची आहेत की जे त्या स्पर्धेत किमान एक कुस्ती हरले होते. एकही अपराजित नाही! ज्यांच्या तसबिरी आपण तालमीतालमींतून लावतो, ते सारे हरून जिंकलेले आहेत. पहिल्याच पराभवास पडदा पाडणाऱ्या स्पर्धेत यांतील बहुतेकांची नावे आपल्या कानी आली नसती.

हे ध्यानी घेतले म्हणजे आपल्याकडे अलीकडे जे कटू प्रसंग घडले त्यांचे मूळ निराळ्या ठिकाणी दिसू लागते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यास महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाच्या अखेरच्या कुस्तीत सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड यांची गाठ पडली. बाहेरच्या टांगेच्या एका डावास पंचांनी चार गुण दिले, ते योग्य की अयोग्य यावर महाराष्ट्रभर आठवडाभर वाद पेटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला तर एका नामांकित मल्लाने पाठ लागल्याचा निर्णय न मानता पंचांवर लाथ उगारली, आणि त्यास तीन वर्षांची बंदी झाली. त्या कृत्याचे समर्थन कोणीही सभ्य माणूस करणार नाही. आम्हीही करीत नाही. पंचाच्या अंगास हात लावणारा आखाड्याचा अपमान करतो. परंतु जेथे वर्षाची मेहनत, खुराकाचा खर्च, बापाचे कर्ज आणि गावाची आशा, सारे काही एका पंचाच्या एका शिटीवर तोलून धरलेले असते, तेथे त्या पंचावर आपण माणसास न पेलणारा भार टाकीत असतो, हेही विसरू नये. पराभवाला परतीची वाट नसली म्हणजे तो पराभव सोसवत नाही. सिकंदर शेख यांस ती वाट मिळाली, ती निराळ्याच योगाने. कुस्तीच्या संघटनेत दुफळी होऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच किताबाच्या दोन स्पर्धा झाल्या. धाराशिवची गदा शिवराज राक्षे यांनी घेतली आणि फुलगावची सिकंदर शेख यांनी. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात त्या ह्याच. विजेते दोन करण्याची युक्ती आपणांस सुचली. हरलेल्यास एक न्याय्य संधी देण्याची मात्र अद्याप सुचावयाची आहे.

शेवटी सांगलीविषयी, कारण सांगलीवाचून हा विषय पुरा होत नाही. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीस भरली, आणि तुंगच्या प्रतीक्षा बागडी यांनी कल्याणच्या वैष्णवी पाटील यांस हरवून गदा घरच्याच जिल्ह्यात ठेविली. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणून मराठी नाटकाचा पाया घातला, हे वाचकांस ठाऊक आहेच. स्वयंवर तरी दुसरे काय होते? बाद पद्धतीची स्पर्धाच ती. राजे एकामागून एक धनुष्यापाशी येतात, फजीत होतात आणि बाजूस होतात, एक जिंकतो. त्या खेळात सीता ही पण होती, स्पर्धक नव्हती. आणि त्या रंगभूमीवर तर तिची भूमिकाही पुरुषाकडेच होती. एकशे ऐंशी वर्षांनंतर त्याच सांगलीत मुली स्वतः शड्डू ठोकून उतरल्या आणि गदा स्वतःच्या खांद्यावर घेऊन गेल्या. याहून मोठा पालट कोणता?

परंतु स्वयंवराच्या कथांतून आपल्या कवींनी आणखी एक शहाणपण सांगितले आहे. ते हरलेल्यांस विसरले नाहीत. लोकपरंपरेतील रावण धनुष्यापुढे फजीत होतो आणि रामकथेत पुन्हा येतो. द्रौपदीच्या मंडपातून परतविलेला कर्ण भारतकथेचा अर्धा भार वाहतो. बाद झालेल्या पात्रांवाचून ही काव्ये उभीच राहिली नसती. आमच्या मुलींच्या कुस्तीस तर हे अधिकच लागू आहे. मुलग्यांस हरल्यावर पुढच्या जत्रेचा फड असतो. मुलींसाठी असे फड अद्याप थोडे. त्यांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत पडलेली मुलगी गावी परतते, तेव्हा तिला पुन्हा पाठविणारे घर भेटेल की ‘पुरे झाले’ म्हणणारे, यावर पुढचा सारा खेळ अवलंबून आहे.

म्हणून स्पर्धा भरविणाऱ्यांस आमचे मागणे थोडे आहे. अंतिम कुस्ती एकच असो; तिची धार कमी करू नये. परंतु तिच्याआधी जे पडतील त्यांच्यासाठी परतीची एक वाट सर्व विभागांत, सर्वांस दिसेल अशी ठेवावी. वादग्रस्त डावाची फेरतपासणी उघडपणे व्हावी. आणि गदेच्या मिरवणुकीच्या बातमीत चार ओळी उपविजेत्यासाठी राखाव्या. आणि वाचकांस एवढेच विनवितो की, पुढच्या वेळी आजोबांनी व नातवाने एकत्र बसावे. नातवाने आजोबांस सांगावे की, त्या वर्षीचा युरोपचा विजेता चारदा हरला होता. आणि आजोबांनी नातवास सांगावे की, आपले खाशाबा दोनदा.